मदत हवी आहे: चालू संकेतस्थळात रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची नवी तंत्रे केव्हा आणि कशी आणावीत?

नमस्कार. एका मजकूरप्रधान संकेतस्थळाच्या फ्रंट-एंडची (वाचकाला दिसणाऱ्या भागाची) देखभाल माझ्याकडे आहे. सीएसएसमध्ये (पानाचे रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) दरवर्षी जी भर पडते, ती वाचून समजून घेण्याचा प्रयत्न मी नेमाने करते; परंतु त्यातले काय चालू कोडमध्ये लगेच आणावे आणि कशासाठी थांबावे, हे ठरवण्याचा पक्का निकष मला सापडलेला नाही. त्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

आमची मांडणी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनसाठी, म्हणजे पडद्याच्या रुंदीशी जुळवून घेणाऱ्या रचनेसाठी, ईथन मार्कट यांनी २०१० मध्ये सांगितलेल्या प्रवाही ग्रिड, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी (पडदा आणि वाचकाची निवड पाहून लागू होणारे नियम) या तीन गोष्टींवरच आजही उभी आहे. ७६८ आणि १०२४ पिक्सेल असे दोन ब्रेकपॉइंट (मांडणी जिथे बदलते त्या रुंदी) आहेत आणि पानाच्या एकूण रचनेबद्दल तक्रार नाही. अडचण लेखाची ओळख करून देणाऱ्या कार्डाची आहे. हे कार्ड मुख्य स्तंभातही येते आणि बाजूच्या अरुंद पट्टीतही येते. मीडिया क्वेरीला रुंदी दिसते ती फक्त व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान दिसते त्या खिडकीची. त्यामुळे मोठ्या पडद्यावर पट्टीतले कार्डसुद्धा चित्र डावीकडे आणि मजकूर उजवीकडे मांडते, आणि शीर्षक ओळीला एक शब्द या हिशेबाने खाली उतरत जाते. आजवर प्रत्येक अरुंद जागेसाठी वेगळा क्लास लिहून हे निभावले आहे, पण आता असे अपवाद मूळ नियमांपेक्षा जास्त झाले आहेत.

यावर कंटेनर क्वेरी (खिडकीऐवजी घटक ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे चौकटीत, बसतो तिच्या रुंदीप्रमाणे लागू होणारे नियम) हाच योग्य उपाय दिसतो. मात्र चाचणीच्या प्रतीत कार्डालाच ‘कंटेनर-टाइप: इनलाइन-साइज’ (त्या घटकाला कंटेनर ठरवणारी सूचना) दिल्यावर क्वेरीतले नियम कार्डाच्या आतील घटकांना लागू झाले, खुद्द कार्डाला झाले नाहीत, शिवाय फ्लेक्सच्या (घटक एका रांगेत मांडणाऱ्या पद्धतीच्या) रांगेतली कार्डे आकसून केवळ पॅडिंगएवढी (आतल्या कडेच्या मोकळ्या जागेएवढी) उरली. असे का होते?

दुसरा प्रश्न थांबण्याचा. सीएसएसमधले ग्रिड (ओळी आणि स्तंभांत मांडणी करण्याची सोय) २०१७ च्या मार्च महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्हींत आले. याउलट सबग्रिड (आतल्या ग्रिडला बाहेरच्या ग्रिडच्या ओळी-स्तंभ वापरू देणारी सोय) फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०१९ मध्ये आले आणि क्रोममध्ये पोहोचायला सप्टेंबर २०२३ उजाडला. इतका फरक पडत असेल, तर एखादे तंत्र वापरण्याजोगे झाले हे कशावरून ओळखावे?

प्रतिसाद १

आपल्याला दिसलेल्या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. कार्डाची रुंदी पाहून कार्डाचीच शैली बदलू दिली, तर बदललेल्या शैलीमुळे रुंदी बदलेल, रुंदी बदलल्यामुळे पुन्हा शैली बदलेल, आणि हे चक्र कुठे थांबणार नाही. म्हणून कंटेनर स्वतःला विचारू शकत नाही; त्याच्या आत असलेल्यांनाच त्याच्या रुंदीप्रमाणे नियम लावता येतात. त्याच कारणाने, इनलाइन-साइज दिले की ब्राउझर त्या घटकाची रुंदी काढताना आतला मजकूर जणू नाहीच असे धरतो. फ्लेक्सच्या रांगेत कार्डाची रुंदी मजकुरावरूनच ठरत होती, त्यामुळे मोजायला काही उरले नाही.

उपाय असा, की कार्डाभोवती एक साधे वेष्टन ठेवावे, कंटेनर-टाइप त्याला द्यावा, आणि त्या वेष्टनाची रुंदी बाहेरून ठरेल अशी व्यवस्था करावी. ग्रिडमध्ये ‘मिनमॅक्स’ने किमान रुंदी बांधून दिलेला स्तंभ असेल तर ते आपोआप होते, फ्लेक्सच ठेवायचे असेल तर फ्लेक्स-बेसिस (रांगेतल्या घटकाची सुरुवातीची रुंदी) स्पष्ट लिहावा. कार्डाची मूळ शैली एकस्तंभी ठेवावी आणि आडवी मांडणी तेवढी कंटेनर क्वेरीत लिहावी. ज्या जुन्या ब्राउझरला ही क्वेरी कळत नाही, तो ती सोडून देईल आणि वाचकाला उभे पण नीट वाचता येणारे कार्ड मिळेल.

मीडिया क्वेरी काढून टाकू नयेत, हेही आग्रहाने सांगावेसे वाटते. पानाचे स्तंभ किती असावेत, वाचकाने हालचाल कमी ठेवायला सांगितली आहे का, गडद रंगसंगती निवडली आहे का, हे प्रश्न घटकाचे नाहीत आणि ते तिथेच सोडवले पाहिजेत.

प्रतिसाद २

थांबण्याविषयी लिहितो. ‘बेसलाइन’ ही खूण यासाठीच आहे आणि वेब तंत्रांची माहिती देणाऱ्या एमडीएन या संकेतस्थळाच्या पानांवर ती वरच दिसते. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सर्वांत एखादी सोय आली की ती ‘नव्याने उपलब्ध’ ठरते, आणि त्यानंतर ३० महिने उलटले की ‘सर्वत्र उपलब्ध’. कंटेनर क्वेरी फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये आल्यावर पहिला टप्पा पूर्ण झाला, म्हणजे दुसरा ऑगस्ट २०२५ मध्ये. अर्थात आपले वाचक कोणते ब्राउझर वापरतात, हे आपल्याच नोंदींत पाहायला हवे.

माझ्या मते मात्र तारखेपेक्षा महत्त्वाचे हे, की ती सोय नसलेल्या ब्राउझरमध्ये पानाचे काय होईल. शीर्षकाच्या ओळी समतोल करणारे ‘टेक्स्ट-रॅप: बॅलन्स’ चालले नाही तर थोडे सौंदर्य कमी होते, म्हणून ते निःशंक वापरावे. जिथे मजकूरच एकमेकांवर चढेल, तिथे ‘सपोर्ट्स’ नियमाची (ब्राउझरला ती सोय कळते का हे आधी तपासणाऱ्या) जोड द्यावी किंवा थांबावे. आणि नवे तंत्र आणताना जुने काय पुसता येते ते पाहावे. फ्लेक्समध्ये ‘गॅप’ (घटकांमधले अंतर) चालू लागल्यावर ऋण मार्जिनच्या युक्त्या गेल्या, ‘ॲस्पेक्ट-रेशो’ (रुंदी-उंचीचे प्रमाण) आल्यावर टक्केवारीच्या पॅडिंगने चित्राची जागा राखणे गेले. काहीच पुसता येत नसेल, तर घाई कशासाठी करावी? आपल्या बाबतीत अपवादांचे सगळे क्लास जातील, म्हणून कंटेनर क्वेरी आत्ताच आणण्यासारखी आहे.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. वेष्टन दिल्यावर कार्डे जागेवर आली. त्याच ओघात एक शंका विचारते. शीर्षकांचा आकार आम्ही केवळ ‘व्हीडब्ल्यू’ (व्ह्यूपोर्टच्या रुंदीचा एक टक्का) या एककात दिला आहे. तो ‘क्लॅम्प’मध्ये (किमान, मधले आणि कमाल अशी तीन मूल्ये घेणाऱ्या सोयीत) बसवला की पुरेसे होईल का?

प्रतिसाद १

मधले मूल्य केवळ व्हीडब्ल्यू असेल तर नाही. वाचक झूम करतो तेव्हा व्ह्यूपोर्ट सीएसएस पिक्सेलांत लहान होतो, त्यामुळे व्हीडब्ल्यूमधला आकार पडद्यावर तेवढाच राहतो; ज्याला अक्षर मोठे हवे आहे त्यालाच ते मिळत नाही. मधल्या मूल्यात रेम (पानाच्या मूळ अक्षराकारावर आधारलेले एकक) आणि व्हीडब्ल्यू यांची बेरीज लिहावी, किमान आणि कमाल मर्यादा रेममध्ये द्याव्यात, आणि कमाल मर्यादा किमान मर्यादेच्या फार पुढे नेऊ नये. सुगम्यतेच्या निकषांनुसार मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता आला पाहिजे, आणि ३२० पिक्सेल रुंदीत वरून खाली सरकणारा मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. १२८० पिक्सेलची खिडकी ४०० टक्के झूम केली की तीच रुंदी मिळते, तेव्हा कार्डांचा बदल चढवण्यापूर्वी दोन्ही चाचण्या एकदमच करून घ्याव्यात.