हरणाच्या शिकारीसाठी अमेरिकन बनावटीचा चाकू, 80 डॉलरच्या आत. कोणता घेऊ?

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. पिट्सबर्गजवळच्या एका गावात सहा वर्षं राहतोय. शेजारचे आजोबा 74 वर्षांचे, सगळं आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलेलं. दर वर्षी हरणाच्या शिकारीला जातात. त्यांचा नेहमीचा जोडीदार मागच्या हिवाळ्यात वारला आणि यंदा त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. सुरक्षेचा वर्ग पूर्ण केला, परवाना काढला, भडक नारिंगी जाकीट आणलं. पेनसिल्व्हेनियात रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, म्हणजे हातात पाच आठवडे आहेत. रायफल आजोबांची. चाकू मात्र ज्याचा त्याने आणायचा आणि तो अमेरिकेत बनलेला हवा, एवढी एकच अट त्यांनी घातली आहे.

बजेट म्यानासकट 80 डॉलर. घडीचा घेऊ की सरळ, ते कळत नाही. चिपळूणच्या घरी कोयती, विळी, अडकित्ता सगळं वापरलंय, त्यामुळे धारेची भीती नाही. वस्तू अशी हवी की पुढे मुलीला देता येईल.

ब्रॅडफर्डवारी
अहो, तुम्ही पिट्सबर्गला राहता आणि हा प्रश्न विचारता? तुमच्यापासून तीनेक तासांवर ब्रॅडफर्ड आहे. केस या चाकूच्या कंपनीचा 1889 पासूनचा वारसा तिथे बघायला मिळतो, झिप्पो लायटरसकट म्युझियम आहे. डोळे मिटून केसचा ट्रॅपर घ्या, दोन पात्यांचा घडीचा चाकू, नमुना क्रमांक 6254. पहिला आकडा मुठीचा (6 म्हणजे हाड), दुसरा पात्यांच्या संख्येचा, उरलेला 54 हा नमुना. एकदा ही भाषा कळली की जुन्या बाजारात दुरून चाकू ओळखता येतो.

माझ्याकडे 41 आहेत. त्यातले सात 1970च्या दशकातले. 1970 साली कंपनीने पात्याच्या बुडाशी दहा ठिपके मारले आणि पुढे दर वर्षी एक ठिपका कमी केला, म्हणजे 1979 चा चाकू एका ठिपक्याचा. माझा दहा ठिपक्यांचा आहे, एकदाही न वापरलेला.

मिशिगनकर
बक 110. विषय संपला.
22 वर्षं वापरतोय. आमच्याकडे 15 नोव्हेंबरला हंगाम उघडतो, त्या दिवशी कमरेला हाच. 1964 साली बाजारात आला आणि इतका चालला की इथली जुनी माणसं कुठल्याही घडीच्या चाकूला बकच म्हणतात. पितळी टोकं, लाकडी मूठ, पावणेचार इंच पातं. उघडल्यावर जो खटका बसतो तो आवाज ऐकूनच भरवसा वाटतो. साठ-सत्तर डॉलरला मिळेल, म्यान त्यातच आलं.

बे_एरिया_बापू
एकदाच घ्यायचंय तर चांगलं घ्या. बेंचमेड कंपनीचा घडीचा बगआउट, ओरेगन सिटीत बनतो, पातं एस30व्ही पोलादाचं, वजन जेमतेम 52 ग्रॅम. खिशात आहे हे विसरायला होतं. बक 110 त्याच्यापुढे दोनशे ग्रॅमचा धोंडा आहे. किंवा स्पायडर्कोचा पॅरामिलिटरी 2, तो कोलोरॅडोतल्या गोल्डनचा. दोन्ही माझ्याकडे आहेत. बजेट थोडं वाढवा.

मिशिगनकर
@बापू, "थोडं" म्हणजे दुपटीहून जास्त. त्यांनी 80 लिहिलंय. आणि तुम्ही त्या चाकूने आजवर काय कापलंत?

बे_एरिया_बापू
खोकी, दोर, ट्रेकवर फळं. पण पोलाद ते पोलाद. एस30व्हीमध्ये कार्बन 1.45 टक्के आणि व्हॅनेडियम 4 टक्के आहे. तुमच्या बकच्या 420एचसीमध्ये कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आत. आकडे खोटं बोलत नाहीत.

निसणा
आकडे अर्धंच सांगतात. पोलाद कुठलं यापेक्षा त्याला पाणी कसं दिलंय हे महत्त्वाचं, आमच्या गावचा लोहारही हेच सांगेल. बकचं साधं 420एचसी पोलाद पॉल बॉस या पाणी देण्यातल्या जाणकाराने बसवलेल्या पद्धतीने तापवून थंड केलं जातं आणि म्हणून ते त्याच पोलादाच्या इतर चाकूंपेक्षा चांगलं टिकतं.

दुसरी बाजू कुणी सांगत नाही. एस30व्हीत व्हॅनेडियमचे जे कण असतात ते अर्कान्सासच्या दगडापेक्षा कितीतरी कठीण असतात. नेहमीचा निसणा त्यावर नुसता घसरतो, हिऱ्याची पट्टी लागते. जंगलात हरीण अर्धं सोललेलं असताना धार गेली तर 420एचसी किंवा 1095 हे साधं कार्बन पोलाद दोन मिनिटांत परत तयार होतं.

निळाई
केसचा ट्रॅपर सुचवणाऱ्यांनी एक गोष्ट सांगितली नाही, म्हणून लिहिते. त्याला पातं अडकवणारा खटका नसतो, फक्त पाठीच्या स्प्रिंगचा दाब असतो. मी व्हर्जिनियात नवऱ्याबरोबर हरीण साफ करत होते, हात रक्ताने निसरडा, पातं हाडाला अडकलं म्हणून मागे ओढलं आणि ते माझ्याच बोटांवर मिटलं. तर्जनीला चार टाके. तर्जनीचं टोक अजून बधिर आहे. सफरचंद कापायला तो चाकू सुंदर आहे, पण प्राण्याच्या आत हात घालून काम करायला नको.

ब्रॅडफर्डवारी
वाईट वाटलं वाचून. पण ताई, तो वापरण्यातला दोष. हे चाकू सापळे लावणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले, त्यांची बोटं शाबूत राहिली.

निळाई
राहिली नसतील त्यांची नोंद कुणी ठेवली?

सात्त्विक_सोलापूर
मंडळी, इतके लोक पात्याबद्दल बोलताहेत, प्राण्याबद्दल कुणीच नाही. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, शिकार बंद आहे, ते काही उगीच नाही. तिकडे जाऊन हे करायलाच हवं का? हा प्रश्न मनापासून विचारतोय.

पशुवैद्य_आयोवा
@सात्त्विक, प्रश्न रास्त आहे, वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहीन. थोडक्यात एवढंच की इथे लांडगे संपवल्यावर हरणांवर अंकुश राहिला नाही. ती जंगलातली कोवळी रोपं वाढूच देत नाहीत.

आता धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे. मी इथे 17 हंगाम पाहिलेत. घडीचा घेऊ नका. निळाईताईंनी सांगितलेलं कारण आहेच, दुसरं स्वच्छतेचं. रक्त, चरबी आणि केस बिजागरीत जातात आणि ते पूर्ण निघत नाही. सरळ पातं घ्या, साडेतीन ते चार इंच, त्याहून लांब नको. पोट फाडताना टोक आपल्याला दिसत नाही, तर्जनी पात्याच्या पाठीवर टेकवून अंदाजानेच चालवावं लागतं. सहा इंची पातं असेल तर टोक आतड्यात किंवा मूत्राशयात शिरतं आणि मटण खराब होतं. बकचाच 102 वूड्समन बघा, चार इंची.

पेनसिल्व्हेनियात 2012 पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आहे, मेंदूचा रोग. रबरी हातमोजे घाला, मणका आणि मेंदू कापू नका. काम झाल्यावर चाकूवरचं मांस-चरबी घासून आधी पूर्ण काढा, मग घरगुती ब्लीच 40 टक्के, बाकी पाणी, त्यात पाच मिनिटं बुडवा. पोलादाच्या पृष्ठभागावरची बाधा त्याने जाते, आत चिकटलेल्या मांसाची जात नाही, म्हणून घासणं आधी. ब्लीच पितळ आणि साधं कार्बन पोलाद खातं, तेव्हा लगेच धुऊन, पुसून तेल लावायचं.

कोल्हापुरी_रस्सा
मी बक 119 घेतला होता, सहा इंची, दिसायला देखणा. वैद्यसाहेब म्हणतात तेच झालं, आतडं फुटलं. वर मी ओटीपोटाचं हाड त्याच चाकूने उचकटायला गेलो आणि टोक मोडलं. चाकू म्हणजे पहार नव्हे, हे त्या दिवशी कळलं. हाडासाठी छोटी करवत वेगळी न्या.

फिरस्ता_टेक्सास
मोरा घ्या. स्वीडनचा, वीस डॉलर. उरलेल्या साठात हातमोजे, करवत, दगड, सगळं येईल.

मिशिगनकर
अमेरिकन हवाय त्यांना. पहिल्या ओळीत लिहिलंय.

फिरस्ता_टेक्सास
वाचलं मी. पण हरणाला काय फरक पडतो?

निसणा
आजोबांना पडतो. माणूस आयुष्यभर पोलादाच्या कारखान्यात राबला आणि त्याच्या डोळ्यांसमोर त्या नदीकाठचे कारखाने बंद पडले. त्यांची अट मला पूर्ण समजते. मोरा उत्तम चाकू आहे, तरी इथे नको.

वऱ्हाडी_ठसका
अवांतर, पण जुने अमेरिकन चाकू जमवणाऱ्यांना आवडेल. शिंगाच्या मुठीचे जे जुने देखणे चाकू दिसतात त्यांतलं बरंचसं शिंग आपल्या सांबराचं. सांबराची शिंगं झडून पुन्हा येतात, ती गोळा करून परदेशी जात. आतपर्यंत भरीव असतात म्हणून मुठीला उत्तम. 1990च्या दशकाच्या शेवटी भारताने निर्यात बंद केली, तेव्हापासून त्या मुठींचे भाव चढले. मेळघाटात लहानपणी असं शिंग पायाखाली आलेलं आठवतं. तेच पेनसिल्व्हेनियाच्या चाकूवर बघितलं तेव्हा बराच वेळ हातात धरून उभा होतो.

ब्रॅडफर्डवारी
बरोबर. केसच्या क्रमांकात पहिला आकडा 5 असेल तर ती शिंगाची मूठ. माझ्याकडे तीन आहेत. विकणार नाही.

डोंगरवाट
सगळ्यांचे आभार. वैद्यसाहेब, ब्लीचची माहिती कुठल्याच दुकानदाराने दिली नव्हती. घडीचा नको हे पटलं. धार घरच्या घरी कशी लावायची? विळीला आम्ही पाट्याचा कडप्पा वापरायचो.

निसणा
20 अंशांचा कोन. मार्करने धारेवर काळी रेघ मारा, दगडावर दोनदा ओढा आणि बघा. रेघ वरच्या बाजूने गेली तर कोन कमी पडतोय, फक्त कडेची गेली तर जास्त होतोय. हाताला सवय होईपर्यंत ही खूण सोडू नका.

एका बाजूने इतकं घासायचं की दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर बारीक कंगोरा लागेल, टोकापासून बुडापर्यंत सलग. तो आला नाही तर धार लागलीच नाही, कितीही वेळ घासा. मग दुसरी बाजू. शेवटी हलक्या हाताने एकेक फेरा देऊन कंगोरा काढायचा आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडून ओढायचं, धारेकडून नाही. हॉट स्प्रिंग्जच्या परिसरातला अर्कान्सासचा दगड घ्या, मऊ आणि कठीण असे दोन. विजेवर फिरणाऱ्या यंत्राला चाकू देऊ नका. एका दुकानात मी वडिलांचा चाकू दिला होता, धार तापून निळी पडली आणि पाणी उतरलं. तो चाकू परत कधी धार धरू शकला नाही.

मिशिगनकर
एक भर घालतो. चामड्याच्या म्यानात वर्षभर चाकू ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेले क्षार ओल धरतात. माझ्या 110 च्या पितळावर हिरवा थर आला होता, पात्यावर ठिपके पडले होते. म्यान फक्त जंगलात.

बे_एरिया_बापू
स्टेनलेस असेल तर हा त्रासच नाही.

मिशिगनकर
माझा स्टेनलेसच आहे, बापू.

डोंगरवाट
घेतला. पण तुम्ही सांगितलेल्यांपैकी एकही नाही.

परवा जुन्या वस्तूंच्या बाजारात एका बाईंकडे श्रेडचा ओल्ड टायमर शार्पफिंगर दिसला. साडेतीन इंच पातं, टोकाकडे वर वळलेलं, करवतीच्या खुणांची तपकिरी मूठ. बुडाशी यू.एस.ए. आणि 152 स्पष्ट. न्यूयॉर्क राज्यातल्या एलेनव्हिलचा तो कारखाना 2004 मध्ये बंद पडला, त्या नावाचे चाकू नंतर चीनमधून आले, म्हणजे हा त्याआधीचा. म्यानासकट 45 डॉलर. पातं काळपट आहे, एका जागी गंजाचा खड्डा आहे.

ब्रॅडफर्डवारी
काळपटपणा पॉलिश करून काढू नका! तो गंज नव्हे, वापराचा रंग आहे, तोच पात्याला जपतो. किंमतही त्यातच असते. लाल गंज तेवढा तेलात बुडवलेल्या बारीक लोखंडी लोकरीने काढा.

पशुवैद्य_आयोवा
आकार उत्तम, सोलण्यासाठीच बनलेला. मात्र हे कार्बन पोलाद आहे, ब्लीच पाच मिनिटांवर एक क्षणही नको. तेल लावायचं ते खनिज तेल, पोटात गेलं तरी चालेल असं. गोडेतेल चिकट होतं.

कोल्हापुरी_रस्सा
जुना घ्यायला नको होता. त्या खड्ड्यात घाण राहणार.

मिशिगनकर
चांगला आहे. 110 नंतर कधीतरी घ्या.

डोंगरवाट
हंगामाची बातमी देतो. पहिल्या शनिवारी माझ्या वाट्याला काही आलं नाही. दुपारी साडेतीनला आजोबांनी एक मादी टिपली. थंडीने त्यांची बोटं वळत नव्हती. त्यांनी माझा चाकू मागून घेतला, पात्यावरची अक्षरं चष्मा वर करून वाचली, अंगठा धारेवरून आडवा फिरवला आणि परत माझ्या हातात दिला. पहिला काप मी घेतला, तर्जनी पाठीवर टेकवून. आतडं फुटलं नाही. हाडाला करवत नेली होती.

वैद्यसाहेबांनी सांगितलेल्या मेंदूच्या रोगासाठी डोकं तपासणीच्या पेटीत टाकलंय, अहवाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये. चाकू घासून, ब्लीच करून, तेल लावून फडक्यात गुंडाळलाय. म्यान वेगळं ठेवलंय.

वऱ्हाडी_ठसका
अहवाल आला की सांगा. सावजीची पाककृती देतो.