दुनळी बंदुकीच्या घोड्याला टिग, झाळ की लेसर?

आजोबांची परवान्याची दुनळी आहे, बाहेर घोडे (चाप ओढल्यावर आपटणारे हातोडे) असलेली. उजव्या घोड्याची अंगठ्याखालची शेपटी तुटली. तुकडा जपून ठेवलाय. उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशन, रोज आर्क वेल्डिंग मारतो, पण एवढ्याशा जिनसाला हात लावायचं धाडस होईना. काय करू?

— आर्क विसर भावा. झाळही नको, चांदीचा झाळ (वितळवून जोडायचा धातू) 650 अंश सेल्सिअसच्या आसपास वाहतो. तेवढ्या तापात घोडा ज्या खाचेत अडकतो तिचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, मग चाप घसरायचा. आणि अंगठ्याचा सगळा जोर त्या जोडावरच. टिगच (टंगस्टनच्या टोकाचं बारीक वेल्डिंग) बरं: बारीक टंगस्टन, कमी अँपिअर, खाचेकडचा भाग तांब्याच्या ठोकळ्यात धरून.

— नक्षी असेल तर लेसर वेल्डिंग. शिरोलीकडं डाय (साचे) दुरुस्त करणाऱ्यांकडं चौकशी कर. केसासारखी तार, ताप पसरतच नाही म्हणा. टिगनंतर नक्षी परत खोदायला लागते, ते पैसे धरलास का?

— मंडळी, शस्त्र कायदा 1959 प्रमाणं बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो. शेडमध्ये अजिबात नको.

— बरं, परवानेवाल्या कारागिराकडंच देतो, लेसरचं त्यालाच विचारतो. तुकडा पण देऊ?

— दे की! नक्षी जुळवणार कशावरून?