मदत हवी आहे: १५ वर्षं मुरलेल्या होंडुरासच्या सिगारींवर पांढरं आलंय

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहितोय. अर्धवट सांगून चुकीचा सल्ला मिळायला नको, कारण वस्तू एकदा गेली तर परत मिळणारी नाही.

मी इचलकरंजीचा. गेली चार वर्षं होंडुरासमध्ये चोलोमाला एका सूतगिरणीत मेंटेनन्स बघतो. आमच्या इथल्या एका फिटरचे वडील सांता रोसा दे कोपानला असतात. पश्चिमेकडचं डोंगरातलं गाव, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर, दगडी फरसबंदीचे रस्ते. स्पॅनिश राजवटीनं १७६५ मध्ये तिथं सरकारी तंबाखू वखार काढली आणि गाव तिच्याभोवती वाढलं. आजही तिथं हातानं सिगार वळतात. हे आजोबा तिथल्याच एका कारखान्यात बोंचेरो होते, म्हणजे आतली पानं जुळवून सिगारचा गाभा बांधणारे. त्यांच्या बायको रोलेरा, म्हणजे त्या गाभ्यावर वरचं पान गुंडाळून ओढायच्या टोकाला पानाचीच टोपी बसवणाऱ्या. तिथं काम जोडीनं चालतं. हे नवरा-बायको ३० वर्षं एकाच बाकावर बसले.

आजींनी २०१० मध्ये काम सोडलं. शेवटच्या आठवड्यात दोघांनी मिळून वळलेल्यांपैकी २५ सिगारी कारखान्यानं त्यांना दिल्या. आजी पुढं तीन वर्षांनी गेल्या. पेटी आजोबांनी तशीच ठेवली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना तीन-चार वेळा गाडीनं सान पेद्रो सुलाला नेलं-आणलं, तेव्हा वाटेत माझ्या आजोळच्या गप्पा निघायच्या. आजोळ निपाणीचं, मामांची तंबाखूची शेती, आणि आजी घरी विड्या वळायची. सुपात टेंभुर्णीची पानं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, बोटाला दोरा. आजोबांनी ते फार मन लावून ऐकलं. जुलैत त्यांच्याकडे जेवायला गेलो तर पेटी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, मुलगा ओढत नाही, सुनेला वास सोसत नाही, तुझ्या घरात पान वळणारी बाई होती, तुला कळेल.

मी आयुष्यात सिगार ओढलेली नाही. पेटी चोलोमाला आणून कपाटात ठेवली आणि कामाच्या गडबडीत तीन आठवडे उघडलीच नाही. परवा उघडली तर सात-आठ सिगारींवर पांढरे ठिपके! जीव खाली-वर झाला.

विचारायचंय ते असं. ही बुरशी आहे का? इंटरनेटवर काही जण म्हणतात की जुन्या सिगारीवर असं येणं चांगलं, आतलं तेल वर येतं. वाचवता येतील का? आणि पुढच्या महिन्यात आजोबांबरोबर बसून एक ओढायची आहे, तर ती कशी ओढायची, म्हणजे तिचा मान राहील? आणि हे त्यांना सांगू की नको?

प्रतिसाद १ (अमेरिकेतल्या टँपाहून)

अहो, सगळ्यात आधी एक करा. फ्रिजमध्ये ठेवू नका! फ्रिज पान सुकवतो आणि कालच्या रश्श्याचा वास चढवतो.

आता मला तीन गोष्टी सांगा. पांढरं आहे ते कापसासारखं उभं राहिलेलं आहे की पिठासारखं बसलेलं? कोरड्या मऊ फडक्यानं पुसल्यावर डाग राहतो का? आणि पेटवायच्या तोंडाशी, जिथं आतली पानं उघडी दिसतात, तिथं काही आहे का? वास घेऊन बघा. गोठ्यातला, सुक्या गवताचा वास चालेल. ओल्या पोत्याचा नको.

धागाकर्ता

भिंगाखाली बघितलं. कापसासारखंच आहे, बारीक तंतू दिसतात. एकूण सात सिगारींवर. पाचांवर फक्त वरच्या पानाला आहे, पुसल्यावर गेलं, डाग नाही. दोघींच्या तोंडाशी आतपर्यंत करडं-पांढरं दिसतंय आणि त्या दोघींना ओल्या पोत्याचाच वास येतोय. बाकी १८ स्वच्छ आहेत.

प्रतिसाद २ (टँपाहून)

मग बुरशीच. 'तेल वर येतं' वगैरे म्हणून जे कौतुक चालतं त्यातलंही बहुतेक बुरशीच असते, त्यामुळे त्या गोष्टीत अडकू नका. ज्या दोघींच्या तोंडातून बुरशी आत गेली आहे त्या ओढायच्या नाहीत. पाच पुसून वेगळ्या ठेवा. त्या वाचतील.

कारण उघड आहे. पेटी १५ वर्षं थंड डोंगरात होती, तुम्ही ती भर पावसाळ्यात चोलोमाला, म्हणजे सुलाच्या खोऱ्यात उतरवलीत. तिथला दमटपणा आपल्या कोकणातल्या श्रावणासारखा. तंबाखूचं पान मेलेलं असलं तरी हवेतलं पाणी पीत राहतं. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, जुनीला ६५ च्या आसपास. तुमच्या कपाटात ८० च्या वर गेली असणार. शिवाय तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिलं की पानात असलेली किड्याची अंडी फुटतात. वरच्या पानावर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसतात का बघा. दिसली तरच पुढचे उपाय. नसतील तर उगाच डीप फ्रीझरमध्ये घालू नका, एवढं जुनं पान तडकतं.

घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, वासाचा नको. त्यात लाकडी पेटी झाकण किलकिलं करून ठेवा, सोबत बोव्हेडाची, म्हणजे ठरावीक आर्द्रता राखणारी, ६५ टक्क्यांची दोन पाकिटं आणि एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र. डबा एसीच्या खोलीत. हायग्रोमीटरवर आंधळा विश्वास नको, आधी तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओलसर करा, रबडी नको. ते आणि हायग्रोमीटर एका बंद पिशवीत आठ तास ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. ७१ दाखवत असेल तर तुमचं यंत्र चार कमी दाखवतं, तेवढं लक्षात ठेवायचं. महिनाभर डबा सारखा उघडू नका. ओली सिगार घाईनं सुकवली की वरचं पान फाटतं.

पेटीचं लाकूड टाकू नका हं. त्याला स्पॅनिश सीडार म्हणतात, पण ते देवदार नाही, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे. त्याचा वास १५ वर्षं त्या पानांत जिरलाय.

आता मुरण्याबद्दल, कारण तुमच्या हातात काय आहे ते कळलं तर ओढताना मजा येईल. पान तोडल्यावर ते वखारीसारख्या उंच कोठारात सुतळीला ओवून टांगतात, हिरव्याचं तपकिरी होईपर्यंत. मग ओलसर करून मोठ्या ढिगात रचतात. ढीग आतून तापतो, तापला की उकलून खालची पानं वर करतात. त्यातून अमोनिया निघून जातो. तरी थोडा राहतोच, आणि ताज्या सिगारीत तो जिभेच्या कडांना झोंबतो. वळून झाल्यावर वर्षानुवर्षं ठेवली की तेही विरतं आणि गाभ्यातली वेगवेगळी पानं एकमेकांत मिसळतात. लोणच्यात आठव्या दिवशी मीठ वेगळं, मोहरी वेगळी लागते आणि सहा महिन्यांनी लोणचं लागतं, तसंच. मात्र सगळ्याच सिगारी १५ वर्षं तग धरत नाहीत. हलक्या पानाची असेल तर तोवर नुसता गरम वारा उरतो. होंडुरासच्या जुन्या पद्धतीच्या सिगारी दणकट असतात, त्यांचा मिरीसारखा तिखटपणा उतरायलाच काही वर्षं जावी लागतात.

तो दणकटपणा कुठून आला त्याचीही कथा आहे. १९६२ मध्ये अमेरिकेनं क्यूबावर व्यापारबंदी घातली, क्यूबाचे तंबाखूवाले बियाणं घेऊन बाहेर पडले, त्यातले काही होंडुरासच्या पूर्वेला दानली गावाजवळच्या हामास्त्रान खोऱ्यात रुजले. कोरोहो हे क्यूबाचं नावाजलेलं वरचं पान. निळी बुरशी नावाच्या रोपाच्या रोगापुढे टिकत नाही म्हणून तिथं ते मागे पडलं, पण आइरोआ कुटुंबानं ते हामास्त्रानमध्ये लावलं आणि त्यावर कामाचो कोरोहो ही सिगार काढली. १९७९ च्या निकाराग्वातल्या क्रांतीनंतर तिकडचेही लोक दानलीला आले. आपल्याकडच्यांना आवडेल अशी एक गोष्ट: दानलीतच मूळ भारतीय असलेल्या रॉकी पटेल यांची व्हिंटेज १९९० ही सिगार बनते. त्यातलं १९९० हे वरच्या पानाचं साल, सिगार वळल्याचं नव्हे. बाजारात 'जुनी' म्हणून विकलेल्या सिगारीत बहुधा पानच जुनं असतं. तुमच्याकडे वळलेली सिगार १५ वर्षांची आहे. ती दुकानात मिळत नाही.

ओढण्याचं सांगतो. पोटभर जेवून बसा. टोपीचा वरचा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर भाग धारदार कटरनं एका झटक्यात कापा. टोपीचा गोलावा संपतो त्या खांद्याखाली कापलंत तर पान उलगडत जाईल. न पेटवता एकदा ओढून बघा, कोरडी चव तिथंच कळते. लांब काडी घ्या, गंधक जळून जाऊ द्या, मग ज्योत तोंडाला न टेकवता सिगार फिरवत कडा शेकवा, पापड भाजतात तशी. मिनिटाला एक झुरका, त्याहून भरभर नको. तापली की कडू होते. धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा, सवय झाली तर थोडासा नाकातून. राख इंचभर राहू द्या. संपल्यावर चिरडू नका, ठेवून द्या, आपली आपण विझते.

आणि आजोबांना सांगा. नक्की सांगा. ज्यांनी तंबाखूत जन्म काढला त्यांनी बुरशी पाहिलेली असते.

प्रतिसाद ३

मी डॉक्टर आहे, तेव्हा हे लिहिणं भाग आहे. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. धूर छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं, आणि तोंडाचा, घशाचा कर्करोग सिगारनंही होतो. तुम्हाला सवय नाही. चक्कर, मळमळ, घाम सुटला तर तिथंच थांबा, पाणी आणि काहीतरी गोड घ्या. संपवायलाच हवी असं मनात धरू नका. आजोबांच्या सोबतीसाठी एक, ठीक. सवय लावून घेऊ नका, हे कळकळीनं सांगते.

प्रतिसाद ४ (निपाणी)

दादा, तुमची आजीची आठवण वाचून बरं वाटलं. माझी आईपण वळायची. आमच्याकडं वखारीत बोदाला, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्याला, पावसाळ्यात ओल लागली की वडील खालचा बोद वर घ्यायचे आणि हात आत घालून बघायचे, गरम लागतोय का. तुमचा डबापण नुसता काट्यावर ठेवू नका, हलक्या बोटानं सिगार दाबून बघत जा. हाताला लगेच समजतं. आजोबांना निपाणीकडून नमस्कार सांगा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सांता रोसाहून परत आलो, म्हणून लगेच लिहितोय.

हायग्रोमीटर मिठावर ७२ दाखवत होता, म्हणजे तीन कमी. ते धरून डबा आता ६६ वर आहे. भोकं कुठंही नाहीत. पाचही पुसलेल्या पुन्हा स्वच्छ राहिल्या.

आजोबांना जाताच सांगितलं. त्यांनी फक्त त्या दोन वाया गेलेल्या मागून घेतल्या, नाकाशी धरल्या, मान हलवली. मग त्यातली एक, चाकू न घेता, अंगठ्याच्या नखानं टोपीपासून उलगडायला सुरुवात केली. वरचं पान सर्पिलासारखं सुटत आलं. टोपीत एकावर एक तीन थर होते, पातळ, सुपारीएवढे. त्याच्या आत गाभा बांधणारं पान, आणि त्याच्या आत आजोबांनी स्वतः जुळवलेली पानं, पंख्यासारख्या घड्या घातलेली. सगळ्यात मधे काळसर जाड पान. ते रोपाच्या शेंड्याचं, म्हणाले, लिखेरो, जोर त्यातूनच येतो. बुरशी पहिल्या बोटभर भागात होती, पुढं पान छान होतं.

मग त्यांनी वरचं पान टेबलावर पसरून मला शीर दाखवली. पानाची मधली शीर काढली की त्याचे दोन अर्धे होतात, डावा आणि उजवा. डावा अर्धा एका दिशेनं गुंडाळतात, उजवा उलट दिशेनं, नाहीतर शिरा उठून दिसतात. विकायच्या पेटीत सगळ्या एकाच दिशेच्या भरतात, दिसायला बरं दिसतं म्हणून. आमच्या पेटीत दोन्ही आहेत. आजींना डावं पान आवडायचं, हात त्या बाजूला जास्त सफाईनं चालायचा. आजोबांनी पेटीतल्या २३ सिगारी टेबलावर मांडून नुसत्या पानाच्या वळणावरून वेगळ्या केल्या, चष्मा न लावता. डाव्या नऊ निघाल्या.

आम्ही उजव्यातली एक-एक घेतली. मी जेवून बसलो होतो, सोबत कोपानचीच कॉफी, त्यात रापादुरा घातलेला, म्हणजे आपला गूळच. न पेटवता ओढली तेव्हा पेटीच्या लाकडाचा आणि मनुक्यांचा वास आला. पेटवल्यावर पहिली पाच मिनिटं काही विशेष वाटलं नाही, मऊ धूर, थोडी भाजलेल्या दाण्याची चव. मधल्या भागात आली तशी जायफळासारखी चव यायला लागली, आणि धूर नाकातून सोडल्यावर मिरी. घशाला कुठंही झोंबलं नाही. राख करडी-पांढरी, दोन बोटं टिकली. डॉक्टर ताई, निम्म्याच्या पुढं गेल्यावर कपाळाला घाम आला, मी ठेवून दिली. आजोबांनी एक शब्द न बोलता वाटीत गुळाचा खडा पुढं सरकवला. त्यांनी स्वतःची बोटाला चटका बसेपर्यंत ओढली.

उलगडलेलं चांगलं पान त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिलंय, निपाणीला मामांना दाखवायला. निपाणीचा नमस्कारही सांगितला. त्यांनी विचारलं, तुमच्याकडची पानं पेटतात कशी, दोऱ्यानं बांधलेली विडी मधेच विझत नाही का? मला नीट सांगता आलं नाही. निपाणीच्या दादांनी हे जरा समजावून लिहावं, ऑक्टोबरात परत जाईन तेव्हा सांगतो.

सध्या डब्यात २१ आहेत. डाव्या नऊ खालच्या थरात, त्यांच्या सांगण्यावरून.