मदत हवी आहे: आप्पांची घरातली सायकल, तीन जागी तीन आकडे आणि सकाळची गोळी

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

माझे सासरे, आप्पा, ६६ वर्षांचे आहेत. मार्चमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी) आहे. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. उन्हाळाभर ते पहाटे रंकाळ्यावर जात होते. जून लागला, कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला आणि चालणं बंद पडलं. त्यात डावा गुडघा दुखरा. डॉक्टरांना विचारून आम्ही घरात सायकल आणली, जागच्या जागी पायडल मारायची. ते म्हणाले, चालेल, हलकं ठेवा, दम लागला तरी बोलता आलं पाहिजे. घरी येईपर्यंत त्यातलं ‘चालेल’ तेवढं आप्पांच्या लक्षात राहिलं.

आप्पा तरुणपणी मंगळवार पेठेतल्या तालमीत होते. जोर-बैठका मोजून काढायच्या, वस्तादांनी सांगितलेला आकडा पुरा झाल्याशिवाय थांबायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. आणि सायकलच्या डिस्प्लेखाली एक तक्ता चिकटवलेला आहे: वय, आणि त्यासमोर मिनिटाला हृदयाचे ठोके किती हवेत ते. ६५ वयासमोर ६० टक्क्यांना ९३, ७० टक्क्यांना १०९, ८५ टक्क्यांना १३२. आप्पांनी त्यातला मधला आकडा धरला. “एकशेनऊ आलं की मेहनत झाली,” असं त्यांचं ठरलं.

पहिली अडचण अशी की खरा आकडा कुठला तेच कळत नाही. हँडलवर जिथे हात धरतो तिथे पत्र्याच्या पट्ट्या आहेत, त्यावर तळवे ठेवले की डिस्प्लेवर ठोके दिसतात. पण ते कधी ६१, कधी १४८, कधी नुसत्या रेघा. सायकलसोबत कानाला लावायचा चिमटा आला होता. आप्पांचे कान पैलवानाचे आहेत, मातीत घासून घासून वरून जाड, गोळा झालेले. चिमटा तिथे बसतच नाही, दोनदा घसरून पायडलमध्ये अडकला. माझ्या नवऱ्याचं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं तर ९६ दाखवतं.

नवरा शिरोली एमआयडीसीत रात्रपाळीला असतो. सकाळी सात वाजता घरात मी आणि आप्पाच. म्हणून गेल्या आठवड्यापासून मीच त्यांची नाडी बोटांनी मोजते. पहिल्या दिवशी मलाच अवघडल्यासारखं झालं, सासऱ्यांचा हात असा धरून कधी बसले नव्हते. अंगठ्याखालची जागा सापडेना. त्यांनीच माझी दोन बोटं उचलून बरोबर जागी ठेवली आणि म्हणाले, “दाबू नको पोरी, नुसती ठेव. आता लागतीया बघ.” तेव्हापासून ती जागा चुकलेली नाही. १५ सेकंद मोजते आणि चारने गुणते. उठल्या उठल्या ५६ येतात. १५ मिनिटं सायकल मारल्यावर ८८, कधी ९२.

आता खरी काळजी. ९२ म्हणजे तक्त्यातल्या पहिल्या रकान्याच्याही खाली. म्हणून आप्पा लोड, म्हणजे पायडलचा जडपणा, वाढवतात. आठपैकी तीनवर ठेवायचा नॉब आता सहावर असतो. कपाळाच्या शिरा फुगतात, मान लाल होते, माझ्याशी बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. तरी आकडा शंभराच्या आतच. मंगळवारी उतरल्या उतरल्या भिंतीला हात लावून उभे राहिले. मी धावले तर म्हणाले, काही नाही, पाय भरून आलेत.

आणि परवाची गोष्ट, ज्यामुळे हे लिहायला बसले. ते सकाळी सहाला तीन गोळ्या घेतात, त्यात एक मेटोप्रोलॉल. परवा ही गोळी घ्यायची राहिली आणि ते तसेच सायकलवर बसले. ठोके १०८ आले. चेहरा खुलला. काल सकाळी मी पाणी घेऊन गेले तर गोळ्या बशीत तशाच. म्हणाले, “गोळी नंतर घेतो गं. गोळी घेतली की आकडा वर येत न्हाई.” मी तिथेच उभी राहून त्यांना गोळी घ्यायला लावली, पण रोज मी पुरे पडणार नाही. पुढची तपासणी १२ दिवसांवर आहे.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. ठोके मोजायची भरवशाची पद्धत कोणती? त्या गोळीचा आणि आकड्याचा खरंच संबंध आहे का? आणि असेल तर तक्त्याऐवजी आप्पांनी काय बघायचं? “आकडा सोडा” एवढं सांगून ते ऐकणार नाहीत. त्यांना हातात काहीतरी द्यावं लागेल.

प्रतिसाद १

ताई, मोजण्याबद्दल मी सांगतो, औषधाचं जाणकारांनी सांगावं.

हँडलवरच्या पट्ट्या हृदयाचा विद्युत इशारा तळव्यांतून पकडतात. तो इशारा फार बारीक असतो. तळवा कोरडा, घट्टे पडलेला असला की तो नीट पोचत नाही. आणि मूठ आवळली की हाताच्या स्नायूंचा स्वतःचा विद्युत गोंगाट त्यात मिसळतो. पैलवानाची पकड म्हटल्यावर १४८ का येतात ते उघड आहे. तळवे ओलसर करून, मूठ न आवळता, वीसेक सेकंद स्थिर ठेवले तर आकडा बरा येतो. तरी पायडल मारता मारता त्यावर विसंबू नका.

कानाचा चिमटा वेगळा, त्यात प्रकाश आरपार जातो आणि रक्ताची लाट मोजली जाते. तो वरच्या कडेला नाही, खालच्या पाळीला लावायचा. कुस्तीत कान वरून मोडतो, पाळी सहसा मऊच राहते. आधी पाळी बोटांनी चोळून गरम करा आणि वायर शर्टाच्या कॉलरला अडकवा म्हणजे ओढ बसणार नाही.

घड्याळातला हिरवा दिवाही रक्ताची लाटच बघतो. मनगटाच्या हाडावर नको, हाडाच्या वर दोन बोटं सरकवून बांधा, हलणार नाही इतपत घट्ट. हँडल धरताना मनगट मागे मोडलं तरी आकडा बिघडतो. यंत्रांत सगळ्यात खात्रीचा छातीचा पट्टा. आतली बाजू पाण्याने ओली करून बांधायची. घेण्याआधी तो तुमच्या सायकलच्या डिस्प्लेशी जुळतो का ते विचारा, नाहीतर मोबाइलशी जोडावा लागेल.

पण तुमची बोटं आहेत तोवर पट्ट्याची घाई नाही. दोन गोष्टी सांभाळा. पायडल थांबल्यावर ठोके भराभर उतरतात, त्यामुळे लगेच, पहिल्या काही सेकंदांत मोजायला घ्या. आणि १५ सेकंदांत एक ठोका चुकला तर उत्तरात चारचा फरक पडतो, म्हणजे ८८ आणि ९२ हे एकच समजा. तुमची बोटं आणि घड्याळ, ९२ आणि ९६, चांगलं जुळतंय. खोटं बोलतंय ते हँडल.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदयाच्या रुग्णांचे व्यायाम घेते. वाचून लगेच लिहिते आहे, कारण यातली एक गोष्ट बारा दिवस थांबण्यासारखी नाही.

मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर आहे. त्याचं कामच ठोके कमी ठेवण्याचं. व्यायामात ॲड्रेनॅलिन हृदयाला पळवतं, ही गोळी त्याला आवर घालते. म्हणजे तुमच्या सासऱ्यांचे ठोके ९२ वर थांबतात ते मेहनत कमी पडते म्हणून नाही. हृदयाला जितकं पळायची मुभा आहे तितकं ते पळतंय. पाय मात्र सहाच्या लोडवर कष्टतायत. कपाळाच्या शिरा, बोलता न येणं, भिंतीला धरणं, हे सगळं सांगतंय की मेहनत जास्त झाली आहे, आकडा काहीही म्हणो.

तो तक्ता ‘हृदयाचे जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय’ या हिशेबावर बनतो. ६५ ला १५५, त्याचे ६०, ७०, ८५ टक्के. ठणठणीत माणसातही हा अंदाज दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. २००१ मध्ये २०८ वजा वयाच्या सात दशांश असं सुधारलेलं सूत्र आलं, पण बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला दोन्ही सूत्रं लागू नाहीत. ब्लेडने तो कागद काढून टाका, आजच.

गोळी पुढे ढकलणं किंवा चुकवणं अजिबात नको. हे औषध अचानक तुटलं की हृदय उसळी घेतं, छातीत दुखू शकतं, आणि स्टेंट असलेल्या माणसाला त्याहून मोठा धोका असतो. परवाचे १०८ ही प्रगती नव्हती, ते हृदय संरक्षणाशिवाय पळत होतं. बारा दिवस थांबू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करून गोळी आणि चक्कर दोन्ही सांगा. भेट होईपर्यंत लोड खाली ठेवा. त्यांना टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून घेतात ती तपासणी, करता येईल का विचारा. ती गोळी चालू ठेवून केली की त्यांचा स्वतःचा आकडा मिळतो.

आकडाच हवा असेल तर बोर्ग यांचं मोजमाप आहे. गुन्नार बोर्ग हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. ६ ते २० अंक, ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत आणि २० म्हणजे जीव तोडून. आपल्याला किती जड वाटतंय ते आपणच सांगायचं. ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे जरा जड. अशा रुग्णांना आम्ही साधारण ११ ते १३ मध्ये ठेवतो, त्यांच्यासाठी नेमका अंक डॉक्टर सांगतील.

भिंतीला का धरलं तेही सांगते. सायकल मारताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की रक्त पायात साचतं. एरवी हृदय वेग वाढवून भरपाई करतं, पण या गोळीने ते लवकर जमत नाही, म्हणून चक्कर. आधी पाच ते दहा मिनिटं नुसते पाय फिरवायचे, शेवटीही तितकाच वेळ लोड काढून फिरवायचे, मग दोन मिनिटं सीटवर बसून उतरायचं. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम सुटून गार पडणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबवा आणि १०८ ला फोन करा.

प्रतिसाद ३

वहिनी, एकच भर. बोटांना ठोके आडवेतिडवे लागले, मधेच चुकले किंवा दोन लागोपाठ आले, तर १५ सेकंदांचा हिशेब धरू नका, पूर्ण मिनिट मोजा आणि डॉक्टरांना सांगा. माझ्या आईचं असंच होतं. घड्याळ छान आकडा दाखवायचं, अनियमितपणा पहिल्यांदा बोटांनाच कळला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, मधे पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता, पावसाने दोन दिवस धावपळ झाली.

प्रतिसाद २ वाचला त्याच सकाळी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी आप्पांना घेऊन गेले. गोळीची गोष्ट मी सांगायच्या आत त्यांनी स्वतःच सांगितली, लहान मुलासारखी मान खाली घालून. डॉक्टर रागावले नाहीत. ईसीजी काढला, तो ठीक आहे. चार दिवसांनी गोळी चालू ठेवून टीएमटी झाली. त्यावरून आप्पांना १०० च्या वर जायचं नाही असं लिहून दिलंय, आणि ११ ते १३. गोळी सहाला, सायकल आठला, रोज तीच वेळ, म्हणजे एका दिवसाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघता येतो.

कागद ब्लेडने काढला. त्या जागी नवऱ्याने वहीचं पान चिकटवलंय: ११ हलकं, १३ जरा जड, १५ थांबा. आप्पांना ते पटायला दोन दिवस लागले. “वाटतंय त्यो काय आकडा हाय व्हय?” म्हणत होते. मग मी विचारलं, तालमीत वस्ताद कधी थांबवायचे? बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, तोंडातली मोजणी तुटली की वस्ताद खांद्यावर हात ठेवायचे.

तेव्हापासून आप्पा पायडल मारताना मोठ्याने मोजतात, मी स्वयंपाकघरातून ऐकते. बत्तीस, तेहतीस, चौतीस, असं सरळ चाललं की मी भाकरी थापत राहते. मधे श्वासासाठी आकडा तुटला की बाहेर जाऊन नॉब एक घर खाली फिरवते, ते काही बोलत नाहीत. आज तो तीनवर होता. शेवटची सात मिनिटं मोकळं पायडल, मग सीटवर बसून नाडी. २२ मोजले, म्हणजे ८८. कानाचा चिमटा पाळीला लावून बघितला, तो ९० म्हणाला.

एक प्रश्न राहिलाय. पाऊस संपल्यावर त्यांना पुन्हा रंकाळ्यावर जायचंय. चालताना मोठ्याने मोजलं तर लोक बघतील म्हणतात. तिथे काय करावं, कुणी सुचवाल का?

प्रतिसाद २

फार बरं वाटलं वाचून. रंकाळ्यावर एकटं पाठवू नका. शेजारी कुणीतरी असू द्या आणि गप्पा मारत चालू द्या. वाक्य पुरं होतंय तोवर वेग ठीक आहे. सुरुवातीचे काही दिवस तुम्हीच जा, त्यांची नाडी तुमच्या बोटांना ओळखीची झाली आहे.