कॅन्ससची करकपात: मतदाराला बिल दिसलं, पण दुसऱ्या निवडणुकीनंतर

सूर्यफूल

मागच्या धाग्यावर एकांनी ठामपणे लिहिलं होतं, "कर कमी करणारं सरकार हरत नाही. हातात पैसे आले की लोक बाकी काही बघत नाहीत." मी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात राहते आणि २०१२ ते २०१८ हा सगळा काळ इथेच काढला आहे. त्यामुळे मला हे अजिबात पटलेलं नाही.

झालं असं. रिपब्लिकन गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी मे २०१२ मध्ये करकपातीच्या कायद्यावर सही केली. राज्याच्या प्राप्तिकराचा वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एलएलसी (मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी), भागीदारी, छोटा धंदा यांतून मालकाच्या रिटर्नमध्ये येणारं उत्पन्न राज्याच्या करातून पूर्ण सुटलं. म्हणजे एकाच ऑफिसात शेजारी बसून तेच सॉफ्टवेअरचं काम करणारे दोघं: एक पगारदार, तो कर भरणार. दुसरा स्वतःच्या एलएलसीतून बिल पाठवणारा, त्याला राज्याचा प्राप्तिकर शून्य. सवलत सुमारे १ लाख ९१ हजार जण घेतील असा अंदाज होता, घेतली ३ लाख ३० हजारांहून अधिक जणांनी. धंदे काही तेवढे वाढले नव्हते.

२०१४ च्या आर्थिक वर्षात महसूल सुमारे ७० कोटी डॉलरनी घसरला. मूडीज आणि पाठोपाठ एस अँड पी या पतमापन संस्थांनी राज्याचं पतमानांकन खाली आणलं. तरीही त्याच नोव्हेंबरमध्ये ब्राउनबॅक पुन्हा निवडून आले, ४९.८ विरुद्ध ४६.१ टक्क्यांनी. शंभराहून अधिक रिपब्लिकन नेत्यांनी विरोधातल्या डेमोक्रॅट उमेदवार पॉल डेव्हिस यांना पाठिंबा देऊनसुद्धा!

माझं म्हणणं एवढंच आहे: मतदार बेफिकीर नसतो, त्याच्यासमोर हिशेब अर्धा ठेवलेला असतो. कपातीचा आकडा पहिल्या दिवशी सांगतात आणि तिच्यासाठी कोणता खर्च जाणार ते निवडणूक उलटल्यावर कळतं. कर कमी करायचा असेल तर खर्चाची यादी त्याच कायद्यात लिहिलेली हवी. मग लोकांना खुशाल ठरवू द्या.

ताळेबंद

तुमच्या आकड्यांबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. कॅन्ससचं उदाहरण प्रत्येक करकपातीच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

एक तर २०१४ ची घसरण फक्त या कायद्यामुळे झाली नाही. १ जानेवारी २०१३ पासून केंद्राच्या कराचे दर वाढणार म्हणून लोकांनी शेअर आणि मालमत्तेचा नफा २०१२ मध्येच दाखवून टाकला. पुढच्या वर्षी अनेक राज्यांची वसुली त्यामुळे घटली. शेतमाल आणि तेलाचे भावही पुढे पडले.

आणि नॉर्थ कॅरोलायना का विसरता? तिथेही २०१३ मध्ये कपातीचा कायदा झाला. प्राप्तिकर एकाच दरावर आणला, २०१४ मध्ये ५.८ टक्के, आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरवत २०२५ मध्ये ४.२५ वर आणला. सोबत वजावटी कमी केल्या आणि विक्रीकराच्या कक्षेत जास्त सेवा आणल्या. तिथली तिजोरी कोसळली नाही. स्वतःच्या कमाईतला जास्त वाटा घरी राहावा असं वाटणाऱ्या माणसाला कुणी फसवलं म्हणूनच तसं वाटतं, हे मी मान्य करणार नाही.

जोको आई

ताळेबंद, "कमाईतला वाटा घरी" कुणाच्या घरी, हेही सांगा ना.

२०१२ च्या कायद्याने गरीब कुटुंबांना किराण्यावरच्या विक्रीकराचा जो परतावा मिळायचा तो काढून टाकला. मग खड्डा बुजवायला जुलै २०१५ पासून विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के केला, आणि तो दूध, ब्रेड, अंडी, डाळ सगळ्यावर. त्यावर काउंटीचा (जिल्ह्याचा) आणि शहराचा वेगळा. आम्ही जॉन्सन काउंटीतले, स्टेट लाइन रस्ता ओलांडला की मिसूरी. तिथे किराण्यावर राज्याचा कर फक्त १.२२५ टक्के. मी दोन्ही पावत्या शेजारी ठेवून बघायचे. ज्यांची गाडी बिघडलेली, ज्यांना पलीकडे जाणं जमत नाही, त्यांनी इथलाच भाव द्यायचा. एलएलसीवाला सुटला आणि त्याचा कर दुधाच्या पावतीवर आला, असं मी म्हणते. तो किराण्यावरचा राज्याचा कर शून्य व्हायला १ जानेवारी २०२५ उजाडावं लागलं.

शाळांचं तर बोलूच नका. २०१५ च्या वसंतात काँकॉर्डिया आणि ट्विन व्हॅली या दोन शालेय जिल्ह्यांनी पैसे नाहीत म्हणून वर्ष ठरल्यापेक्षा आधीच संपवलं. मुलं घरी आणि आईबाप कामावर. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.

ताळेबंद

किराण्याचा मुद्दा मान्य, तो कर अन्यायाचाच होता. पण तीही करकपातच झाली की! कोणता कर कापायचा यावर आपला वाद आहे, कापायचा की नाही यावर नाही.

वऱ्हाडी

मला यात मतदारांचं वागणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्यावर इथे कुणी नीट बोलत नाहीये.

कॅन्ससच्या लोकांनी पक्ष बदलला नाही. २०१६ मध्ये त्यांनी ट्रम्प यांनाच मत दिलं. पण त्याच वर्षी ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, त्यांनी ब्राउनबॅक यांच्या बाजूचे बरेच आमदार घरी बसवले आणि त्यांच्या जागी मवाळ रिपब्लिकन आणले. ६ जून २०१७ ला त्याच रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून काढला, सेनेटमध्ये २७-१३ आणि हाउसमध्ये ८८-३१, आणि एलएलसीची सवलत रद्द केली. २०१८ मध्ये डेमोक्रॅट लॉरा केली गव्हर्नरपदी निवडून आल्या, आणि २०२२ मध्ये पुन्हा. इतक्या पक्क्या रिपब्लिकन राज्यात! याला मी विचार करून केलेलं मतदान म्हणतो. आपल्याकडे भारतात पक्षांतर्गत निवड लोकांच्या हातात नसते, तिकीट वरून येतं. त्यामुळे पक्ष न सोडता धोरण नाकारायची सोयच आपल्या मतदाराला नाही.

मुद्रांक

महाराष्ट्राशी तुलना करणाऱ्यांसाठी. जुलै २०१७ पासून जीएसटीचे दर परिषदेत ठरतात. राज्याच्या हातात उरलं पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूचं शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर असं थोडंफार. जुलै २०२२ मध्ये पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी स्वस्त केलं, तेव्हा वर्षाला ६ हजार कोटींचा भार सांगितला होता. म्हणून आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर कर कापण्यापेक्षा पैसे वाटणं किंवा माफी देणं सोपं पडतं: लाडकी बहीणचे महिना १५०० रुपये, मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी, दोन्ही २०२४ चं.

खरा फरक कर्जाचा आहे. कॅन्ससला रोजचा खर्च कर्जावर चालवता येत नाही, म्हणून चटका लगेच शाळेला बसला. महाराष्ट्र ठरलेल्या मर्यादेत कर्ज काढू शकतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असं म्हटलं होतं. इथे मतदारापर्यंत बिल पोचायला कॅन्ससपेक्षाही उशीर होणार.

सूर्यफूल

मुद्रांक, कर्जाचा मुद्दा अगदी बरोबर. पण कॅन्ससनेही चटका जमेल तितका लांबवलाच. रस्त्यांच्या निधीतून इतक्यांदा पैसे उचलले की लोक त्या खात्याला ‘केडॉटची बँक’ म्हणायला लागले (केडॉट म्हणजे कॅन्ससचं वाहतूक खातं). नंतर २०१६ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीत भरायचा हप्ताही पुढे ढकलला. रस्ता लगेच खचत नाही आणि पेन्शन आज कुणी मागत नाही, म्हणूनच हात तिथे घातला. २०१४ चा निकाल तसा का लागला याचं माझं उत्तर हेच आहे: चटका तेव्हा लांबवलेला होता.

ताळेबंद, नॉर्थ कॅरोलायनाचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. तिथे कपातीबरोबरच कुठून भरून काढणार ते कायद्यात होतं. इथे नव्हतं.

ताळेबंद

मग २०२५ चं बघा. कॅन्ससच्या विधिमंडळाने गव्हर्नर लॉरा केली यांचा नकाराधिकार ओलांडून नवा कायदा केला: महसूल ठरलेल्या पातळीच्या वर गेला तरच प्राप्तिकराचा दर खाली येईल, आणि तसं होत होत ४ टक्क्यांवर. मला हे योग्य वाटतं. पैसा आधी, कपात नंतर.

जोको आई

पैसा जास्त आला तर तो आधी शाळांना की आधी करदात्यांना, हे त्या कायद्याने आजच ठरवून टाकलं आहे. आणि महसूल पुन्हा पडला तर दर आपोआप वर येणार आहे का? ती तरतूद मला त्यात दाखवा, मग मी तुमच्या बाजूने.