काकांचं नागरा मशीन आणि पेटीभर टेप, काय करू? (सोलापूर)

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे थोरले काका मुंबईला पिक्चरच्या लाईनीत साउंड रेकॉर्डिस्ट होते. रिटायर झाल्यावर साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरी येऊन राहिले, दोन वर्षांमागे गेले. आता घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय म्हणून मी अन धाकटा भाऊ माळा आवरायला चढलो तर पत्र्याच्या दोन पेट्या निघाल्या. एकीत कातडी केसमधे टेपचं मशीन, त्यावर नागरा ४.२ लिहिलंय, अन हातभर लांब माईक, त्याच्यावरच्या स्पंजच्या टोपीला हात लावला की नुसता भुगा होतोय. दुसऱ्या पेटीत टेपची रिळं, मोजली तर ३८ भरली. प्रत्येक डब्यावर काकांच्या बारीक अक्षरात काय काय लिहिलंय, पण अर्धं कळत नाही.

एक जण मशीन घ्यायला तयार आहे, टेप नको म्हणतो, टाकून द्या म्हणतो. आई म्हणते काकांची वस्तू आहे, घाई करू नको.

तर मशीन सेल घालून चालू करून बघू का? टेप ठेवण्यासारख्या असतात का, इतकी वर्षं माळ्यावर होत्या, आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहितीय. आणि डब्यांवर 'टेल्स आउट' लिहिलंय ते काय? सात-आठ डब्यांवर तर नुसतं 'सायलेन्स' आहे. शांतता कोण रेकॉर्ड करून ठेवतं?

जुना_टेपवाला

चालू करू नका!! आधी खालचं झाकण उघडून सेलचा कप्पा बघा. त्यात टॉर्चचे मोठे १२ सेल लागतात, कुणी आत विसरले असतील तर गळून पट्ट्या खाल्ल्या असतील. शिवाय इतकी वर्षं बंद मशीनमधे टेप दाबून धरणारा रबरी रोलर कडक तरी होतो नाहीतर चिकट, तो आयुष्यभराची टेप एका मिनिटात चुरगाळतो.

टेपचं म्हणाल तर रीळ आडवं धरून उजेडाकडे बघा. उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, म्हणजे जुनी, ठिसूळ. आंबलेल्या व्हिनेगरसारखा वास आला तर ती डब्यासकट वेगळी ठेवा. उजेड दिसला नाही तर पॉलिएस्टर, ती तुटत नाही पण ७०-८० च्या दशकातल्या काही टेपांचा लेप दमट हवेनं चिकट होतो अन वाजवताना हेडवर (मशीनमधला टेप वाचणारा भाग) खरवडून निघतो. तशा टेप लॅबवाले ५०-५५ डिग्रीवर काही तास मंद शेकून घेतात मग वाजवतात. घरच्या ओव्हनमधे असला उद्योग करू नका, आणि ॲसिटेट तर कधीच शेकायची नसते.

निवृत्त_मिक्सर

धागा वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळी सकाळी लिहायला बसलोय. मी पण सोलापूरचाच, दमाणी नगरला असतो, तीस-बत्तीस वर्षं मुंबईत काढली, आधी लोकेशनवर असिस्टंट आणि मग मिक्सिंगला, म्हणजे संवाद, म्युझिक, बाकीचे आवाज एकत्र बसवायला. तुमच्या काकांना ओळखत असेन, लाईन लहान होती, पण नाव इथे लिहू नका, व्यनि (खाजगी निरोप) करा.

सायलेन्सचं आधी सांगतो कारण तो प्रश्न विचारलात म्हणून तर लिहावंसं वाटलं. शांतता एक नसते हो, प्रत्येक जागेची वेगळी असते. तुमच्या माजघरातली वेगळी, हुतात्मा स्मृती मंदिरचा रिकामा हॉल वेगळा, दुपारी दोनची आणि पहाटे चारची पण वेगळी. एडिटिंगला दोन वाक्यांमधला खोकला कापला की तिथे भोक पडतं, एकदम मेल्यासारखं शांत होतं आणि बघणाऱ्याला काय खटकलं ते कळत नाही पण खटकतं. त्या भोकात त्याच जागेची शांतता भरावी लागते. म्हणून शूटिंग आटपलं की रेकॉर्डिस्ट ओरडायचा 'सायलेन्स घेतोय, हलू नका', आणि अख्खं युनिट तीस सेकंद जिथल्या तिथे उभं, लाईटवाला शिडीवर, चहावाला पोरगा किटली हातात धरून. नाहीतर एरवी त्या युनिटमधे आमचं कोण ऐकतं? कॅमेऱ्याचीच घरघर इतकी असायची की सगळा पिक्चर पुढे डब करायचा आणि लोकेशनचा आवाज नुसता ॲक्टरला आठवण म्हणून, त्याला पायलट म्हणायचे. अशा काळात ज्यानं सात-आठ डबे शांतता जपून ठेवलीय तो माणूस कामाला किती पक्का असेल ते मला इथे बसून कळतंय.

टेल्स आउट म्हणजे रीळ वाजवून झाल्यावर तसंच ठेवलंय, शेवटचं टोक बाहेर. टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. अशी उलटी, शेवट बाहेर ठेवली तर तो उमटलेला आवाज खऱ्या आवाजाच्या नंतर येतो, घुमल्यासारखा, कानाला खपतो. सरळ ठेवली तर आधीच येतो, माणूस बोलायच्या आधी त्याचं भूत बोलतं. तर ती वाजवायच्या आधी हळू, एकसारख्या ताणानं मागे गुंडाळायची.

आता नागराबद्दल लिहितोच. स्टेफान कुडेल्स्की म्हणून पोलंडमधे जन्मलेले इंजिनिअर, त्यांनी स्वित्झर्लंडमधे १९५१ ला पहिलं काढलं, आणि नागरा म्हणजे पोलिश भाषेत 'रेकॉर्ड करेल'. मला हे आमच्या बूमवाल्या (लांब दांडीवर माईक धरणाऱ्या) अण्णांनी सांगितलं, चौथी शिकलेला माणूस पण मशीनचं पॅम्फ्लेट कुणाकुणाकडून वाचून घेऊन पाठ केलेलं. सेल धरून सहा-सात किलो वजन, खांद्याला पट्टा, दिवसभर. सात इंचाचं रीळ लावलं तर झाकण उघडं ठेवावं लागायचं, सेकंदाला साडेसात इंच या स्पीडला बत्तीस मिनिटं मिळायची. मशीनवर आवाजाची लेव्हल दाखवणारा काटा असतो, त्याला मॉड्युलोमीटर म्हणतात, साध्या टेपच्या काट्यासारखा आळशी नाही, थाळी पडली की थाळीबरोबर उडतो. अण्णा काट्याकडे बघायचेच नाहीत. बूम डोक्यावर धरून डोळे ॲक्टरच्या गळ्यावर, माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो तेव्हा गळा हलतो, तेवढ्यात माईक तिकडे वळलेला असायचा.

एकदा सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचा आवाज घ्यायला आम्ही आलो होतो, माझंच गाव म्हणून मला पुढे केलेलं. शेडमधे गेलो तर खडखडाट एवढा की काटा उजवीकडे जाऊन बसला तो हलेच ना, लेव्हल कमी केली तर नुसता पत्रा हाणल्यासारखा आवाज, त्यात माग कुठाय ते कळेना. अण्णा म्हणाले बाहेर चल. गल्लीतल्या समोरच्या घराच्या ओट्यावर मशीन ठेवलं. भिंतीपलीकडून माग ऐकू यायला लागले, खट्-खट्याक, एकाला एक न मिळणारे चार माग, कधी मिळायचे आणि परत सुटायचे. ओट्यावर दोन बायका विड्या वळत बसलेल्या, पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापायच्या, कचक्, मग सुपातली तंबाखू, मग दोरा. आपसात तेलुगूत बोलणं. मी त्यांना उठा म्हणणार तर अण्णांनी माझं मनगट धरलं. वीस मिनिटं घेतलं. हेडफोनमधे ती कात्री इतकी जवळ होती की मला पानाची शीर तुटलेली ऐकू येत होती, आणि मागून माग. मी त्या गल्लीतच वाढलो होतो पण गल्ली पहिल्यांदा त्या दिवशी ऐकली.

मिक्सिंगला गेलो तेव्हा वेगळी माणसं भेटली. राजकमल स्टुडिओचे मिक्सर मंगेश देसाई, त्यांचं नाव तेव्हा आमच्यात कानाला हात लावून घ्यायचे. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते दादा दुसऱ्या स्टुडिओत होते, जुन्या पठडीतले. ते सांगायचे, त्यांच्या सुरवातीला मधे थांबून मागे जाऊन तेवढंच दुरुस्त करायची सोयच नव्हती, हजार फुटाचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं, डायलॉग म्युझिक इफेक्ट सगळं एका दमात, दहाव्या मिनिटाला कुणाचं बोट घसरलं की पहिल्यापासून. ती सवय त्यांना शेवटपर्यंत होती, सोय आल्यावर पण रीळ पूर्ण करूनच उठायचे. माझं मिक्स ऐकून झालं की एकच विचारायचे, "तुझ्या सोलापूरच्या थेटरात ऐकू येईल का?" कारण त्यांना मी भागवतमधले पिक्चर, डोक्यावरचे पंखे, मागे रडणारं पोर, हे सगळं सांगितलेलं. मग मी म्युझिक थोडं खाली घ्यायचो. आजही टीव्हीवर संवाद म्युझिकखाली बुडालेला ऐकला की मला दादांचा तो प्रश्न आठवतो आणि राग येतो, खरंच येतो.

आता मुद्द्याचं. ती विड्यांची टेप ३५ एमएम मॅग्नेटिकवर (फिल्मच्या मापाची आवाजाची पट्टी) उतरवून पिक्चरमधे थोडी वापरली, दीड मिनिट असेल. पुढे मूळ टेप आणि मॅग्नेटिक दोन्ही त्या स्टुडिओनं पुसून परत वापरायला काढली, स्टॉक महाग होता, सगळीकडे तसंच चालायचं. मला कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलेलं. अण्णा गेले, दादा गेले, ती शेड गेली. माझ्याकडे आज चालू कंडिशनमधलं नागरा आहे आणि वाजवायला त्यातलं काही नाही. मशीन कुणाला द्यायचं तर द्या, जगात हजारो आहेत, पण त्या ३८ मधली एकही टाकू नका. डब्यांवर काय लिहिलंय ते जरा टाईप करा ना.

शेंगाचटणी

मिक्सर काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, ती लग्नाआधी विड्या वळायची. म्हणाली कात्रीचा आवाज बरोबर लिहिलाय, पण पान आधी भिजवलेलं असतं म्हणून कचक् नाही, जरा ओला येतो.

आमचे वडील लक्ष्मी-विष्णू मिलला होते. भोंगा झाला की आजी चुलीवर तवा ठेवायची, घड्याळ नव्हतंच घरात. तो भोंगा कुणाकडे टेप केलेला असेल का हे मी कित्येकांना विचारलंय. पूर्वभागकर, तुमच्या डब्यांत असला तर सांगाच.

पूर्वभागकर

सगळ्यांचे आभार. सेलचा कप्पा उघडला, एकदम स्वच्छ, काकांनी सेल काढून आत पेपरची घडी घालून ठेवलीय. रिळांना वास नाही, उजेड पण आरपार दिसत नाही.

रात्री बसून सगळे डबे लिहून काढले. बरेचसे मुंबईचे आहेत, लोकल, पाऊस वगैरे. सोलापूरचे अकरा. काही इथे देतो, जसंच्या तसं (गड्डा म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा):

'गड्डा, नंदीध्वज, तळ्याच्या बाजूनं, जानेवारी'
'लक्ष्मी-विष्णू, पाळी सुटताना, गच्चीवरून. भोंगा २ वेळा. दुसरा चांगला'
'सायलेन्स, साखर पेठ, माजघर, पहाटे'

शेवटचं वाचून आई काही बोलली नाही, नुसतं डबा मांडीवर घेऊन बसली. ज्या माजघरात आम्ही बसलो होतो तेच ते, पुढच्या महिन्यात पाडायचंय. मशीन विकत नाही हे नक्की केलंय. फक्त या टेप कुठे वाजवायच्या?

निवृत्त_मिक्सर

व्यनि केलाय. रविवारी सकाळी मी माझं मशीन घेऊन येतो, काकांचं मशीन रोलर बदलल्याशिवाय लावायचं नाही. डिजिटल पण तेव्हाच करू, माझा रेकॉर्डर आणतो. दुसऱ्या कुठल्या टू-ट्रॅक मशीनवर (टेपचे दोन भाग वेगवेगळे वाचणाऱ्या) कुणी वाजवायला लागलं तर वाजवू देऊ नका, नागराच्या टेपवर कॅमेऱ्याशी आवाज जुळवायला मधोमध ५० सायकलचा सिग्नल असतो, तो तिथे घुंई करून ऐकू येतो आणि माणूस टेप खराब आहे म्हणून टाकून देतो. मुंबईच्या टेपांमधे कुठल्या पिक्चरचं काही निघालं तर पुण्याला फिल्म अर्काइव्हमधे विचारू.

आणि रविवारी पहाटेच आलो तर चालेल का? साडेचारपर्यंत. टेप वाजवायच्या आधी माजघराची आत्ताची शांतता घेऊन ठेवतो, पाच मिनिटं.

पूर्वभागकर

या की. चारला उठतो आम्ही तसंही. हेडफोन मोबाईलचा आहे, चालेल का?

निवृत्त_मिक्सर

नाही, त्याला मोठा जॅक लागतो, माझे दोन आणतो, एक आईंना. फ्रिज अन पंखा तेवढा बंद ठेवा, आणि भिंतीवर घड्याळ असेल तर ते राहू द्या, टेपमधे असलं तर लगेच कळेल.