महिंद्रा व्हिजन एक्ससाठी थांबावं का? मागच्या सीटबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

१५ ऑगस्ट २०२५ ला महिंद्राने मुंबईत चार कन्सेप्ट गाड्या (विक्रीआधी दाखवायचे नमुने) दाखवल्या. त्यांतली व्हिजन एक्स पाहिल्यापासून दुसरी गाडी मनात बसत नाही. बाकीच्या तिघी चौकोनी, दणकट. ही मात्र क्रॉसओव्हर, म्हणजे सेडानपेक्षा उंच बसायची, आणि मागे उतरत जाणाऱ्या छताची. प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा सांगाडा, चौघींचा एकच; व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २६६५ मिमी. २०२७ पासून गाड्या येतील असं कंपनीने म्हटलंय.

अडचण सासऱ्यांची आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उंच आहेत आणि कायम मागेच बसतात. आमची सेडान इतकी खाली आहे की उतरताना त्यांना हात धरून उठवावं लागतं. त्यांना ते आवडत नाही, मलाही बघवत नाही. म्हणून क्रॉसओव्हर. पण ते उतरतं छत त्यांच्या डोक्याला लागलं तर?

कन्सेप्टमधलं किती टिकतं हे बघायला टाटाच्या एचबीएक्सची मापं काढली. २०२० च्या ऑटो एक्स्पोत ती १८२२ मिमी रुंद होती. २०२१ मध्ये तिचीच पंच होऊन विक्रीला आली ती १७४२ मिमी. ८० मिमी गेले कुठे? आतल्या जागेतून गेले असतील तर व्हिजन एक्सच्या आकड्यांवर विसंबणं कठीण. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही रुंदी बघितलीत, आता त्याच दोघींचा व्हीलबेस बघा: २४५० आणि २४४५. प्लॅटफॉर्म ठरला की तो फारसा हलत नाही, आणि पाय पसरायची जागा बरीचशी त्यावर ठरते. कन्सेप्टला मोठी चाकं आणि चाकांवर फुगवलेल्या कमानी देतात, रुंदी बहुतेक तिथूनच उतरते. आरशांच्या जागी कॅमेरे, कागदासारखे पातळ दिवे वगैरे तर धरूच नका.

छताचं मात्र आधी सांगता येत नाही. मारुतीची ईव्हीएक्स २०२३ मध्ये १६०० मिमी उंच दाखवली होती. ई-विटारा झाली तेव्हा उंची चाळीसेक मिमीने वाढली. उलट टाटा कर्व्हचं उतरतं छत एप्रिल २०२२ च्या कन्सेप्टमधून ऑगस्ट २०२४ च्या विक्रीच्या गाडीत तसंच आलं.

म्हणून आधी सासऱ्यांना शोरूममध्ये नेऊन कर्व्हच्या मागे बसवा. डोक्यावर किती जागा उरते ते बघाच, पण वाकून आत शिरताना दाराच्या वरच्या कडेला डोकं लागतं का, हे जास्त महत्त्वाचं. सीट त्यांच्या गुडघ्यापेक्षा किंचित वर हवी, खाली नको. दाराखालचा उंबरा रुंद असेल तर पाय बाहेर टाकताना गुडघा पिळवटतो, तेही तपासा. तिथे त्यांना जमलं नाही तर उतरत्या छताची वाट बघण्यात दोन वर्षं घालवू नका, सरळ छताची घ्या.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. दाराच्या कडेचा विचारच केला नव्हता. आत्ताच टेप घेऊन मोजलं: सासऱ्यांचा गुडघा जमिनीपासून ५३ सेंमीवर आहे. कर्व्हच्या मागच्या सीटची जमिनीपासूनची उंची कुणी मोजली असेल तर इथे टाका. नसेल तर रविवारी टेप घेऊनच शोरूमला जाते.